‘हॉट ॲज हेल’चा शोध

कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळीची धावपट्टी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने ठाणे जिल्ह्यातील या गावांच्या शेतजमिनी विमानतळासाठी ताब्यात घेतल्या, आणि त्या परत मिळाव्यात म्हणून 2017 सालीही इथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. प्रत्यक्ष रणभूमी मात्र नेवाळीपासून फार लांब होती. त्याच युद्धासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, आसाममधील चहाच्या मळ्यांत, चबुआचा तळ उभा राहिला. या तळाकडे निघालेल्या आणि तिथे कधीच न पोहोचलेल्या ‘हॉट ॲज हेल’ नावाच्या एका विमानाची ही हकीकत आहे.

1942 साली जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि चीनला रसद पोहोचवणारा एकमेव रस्ता बंद झाला. त्यानंतर आसाम ते चीनमधील कुनमिंग हा हिमालयाच्या पूर्व टोकाच्या डोंगरांवरून जाणारा हवाई मार्ग सुरू झाला, ज्याला वैमानिक ‘हम्प’ म्हणजे उंचवटा म्हणत. युद्ध संपेपर्यंत या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि सुमारे 600 विमाने कोसळली किंवा बेपत्ता झाली. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा पंखांवर साचणारा बर्फ, डोंगरांवरून उसळणारे वारे आणि ढगांत हरवणारी दिशा यांनीच अधिक बळी घेतले.

‘हॉट ॲज हेल’ हे चार इंजिनांचे बी-24 लिबरेटर जातीचे बॉम्बफेकी विमान अमेरिकेच्या 308व्या बॉम्बर दलाचे होते. चीनमध्ये तैनात असलेल्या या दलाला स्वतःचे इंधन आणि बॉम्ब स्वतःच भारतातून वाहून न्यावे लागत. म्हणजे शत्रूवर एक हल्ला करण्याआधी त्याच विमानांना मालवाहू बनून हे डोंगर अनेकदा ओलांडावे लागत. 25 जानेवारी 1944 रोजी आठ जणांना घेऊन हे विमान रसद आणण्यासाठी कुनमिंगहून चबुआकडे निघाले. खराब हवामानामुळे त्या दिवशी या मार्गावरची इतरही काही विमाने परतली नाहीत.

अशा घटनांना ‘गूढ’ म्हणण्याची आपल्याकडे फार घाई होते. नकाशा समोर ठेवला, तर त्यातले बरेचसे गूढ उरत नाही. कुनमिंग चबुआच्या आग्नेयेला आहे, आणि विमानाचे अवशेष सापडले ते अरुणाचल प्रदेशातील अप्पर सियांग जिल्ह्यात, दामरोह गावाजवळ. म्हणजे चबुआच्या उत्तरेला, ब्रह्मपुत्रेच्या पलीकडच्या डोंगरांत. खालचे खोरे ढगांनी झाकलेले असल्यामुळे नदी आणि तळ दोन्ही मागे पडल्याचे चालकदलाला कळलेच नसावे, असे मानायला जागा आहे. पुढे चढ सुरू होतो आणि जंगलही. श्रावणात येऊरच्या रानात पायवाट सोडून आत शिरलेल्याला पाच पावलांवरचे दिसत नाही. तसेच रान उभ्या कड्यांवर, मैलोन्‌मैल, अशी कल्पना केली म्हणजे वरून उडणाऱ्या शोधविमानाला खालचे काही का दिसले नाही, हे ध्यानात येते. शिवाय हम्पवरची वाहतूक एका विमानासाठी थांबणारी नव्हती.

2006 साली एका अमेरिकी गिर्यारोहकाने स्थानिक लोकांच्या मदतीने हे अवशेष गाठले. तरीही प्रत्यक्ष उत्खननासाठी अमेरिकी पथक दामरोहच्या डोंगरावर पोहोचले ते 2015 च्या अखेरीस. सीमावर्ती प्रदेशातील परवानग्यांत इतकी वर्षे गेली. 1944 मध्ये वाट हवामानाने अडवली होती, या वेळी ती कागदांनी अडवली. अशा उत्खननात माती हाताने उकरून जाळीतून चाळली जाते, आणि हाडाचा तुकडा, दात, गणवेशाचे बटण असे जे हाती लागेल ते जागेच्या नोंदीसह वेगळे ठेवले जाते.

एप्रिल 2016 मध्ये हे मानवी अवशेष दिल्लीहून लष्करी इतमामाने अमेरिकेला रवाना झाले. तपासणीअंती त्यांतून फर्स्ट लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि जून 2017 मध्ये जॉर्जिया राज्यातील कॉन्कॉर्ड या त्यांच्या गावी त्यांचा दफनविधी झाला. ते युद्धावर गेले, तेव्हा ज्यांनी त्यांची वाट पाहिली होती, त्यांच्यापैकी आई-वडील तर केव्हाच गेले होते.

हम्पवर कोसळलेल्या विमानांचे भाग आज अरुणाचलातील पासीघाटच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. हे संग्रहालय नोव्हेंबर 2023 मध्ये खुले झाले. त्या डोंगरांत हरवलेल्या शेकडो अमेरिकी सैनिकांची नोंद आजही ‘बेपत्ता’ अशीच आहे.