एकच मोर्चा, दोन निकाल

(जुनी छायाचित्रं. फुटपाथवरून चाललेली रांग.)

१२ एप्रिल १९६३, गुड फ्रायडे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम. वर्णभेदाविरुद्ध ५२ जण चर्चमधून निघतात. दोघादोघांची रांग, फुटपाथ सोडायचा नाही, सिग्नल पाळायचा, गाडी अडवायची नाही. चार चौक चालून होतात तोच अटक. पुढे असतात मार्टिन ल्यूथर किंग, राल्फ ॲबरनाथी आणि फ्रेड शटल्सवर्थ.

गुन्हा? परवान्याविना मोर्चा. परवाना मागून झाला होता. ३ एप्रिलला एक कार्यकर्ती सिटी हॉलमध्ये गेली, तेव्हा पोलीस खातं सांभाळणाऱ्या बुल कॉनर यांनी तिला तुरुंगाची वाट दाखवली. दोन दिवसांनी तार केली, तिलाही नकार. शहराचं कलम ११५९ होतंच तसं ऐसपैस: लोकहित, शांतता, नीतिमत्ता, फार काय, नुसती 'सोय' हेही नकाराला पुरेसं कारण.

(मनाई हुकमाचा कागद.)

या एका मोर्च्यावर खटले मात्र दोन झाले. गोम तिथेच आहे.

१० एप्रिलला शहराने राज्याच्या न्यायाधीशाकडून एकतर्फी मनाई हुकूम आणला होता, १३९ व्यक्ती आणि दोन संघटनांविरुद्ध. तो मोडला म्हणून कोर्टाचा अवमान: पाच दिवस कैद, ५० डॉलर दंड. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा कायम केली. हुकूम आधी कोर्टातून उठवून घ्यायचा. मोडल्यावर 'मुळात तोच चुकीचा होता' हा बचाव चालत नाही. आता हुकूम बजावला गुरुवारी, मोर्चा शुक्रवारी. मधल्या एका दिवसात कुठलं अपील निकाली निघतं? किंग पुन्हा तुरुंगात गेले.

दुसरा खटला शटल्सवर्थ यांच्यावर, हुकूम नव्हे तर नुसतं कलम मोडल्याचा. शिक्षा ९० दिवस सक्तमजुरी. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार वर्षांनी कलमाचा अर्थ आखडून ते फक्त वाहतुकीपुरतं असल्याचं सांगितलं. ही मागाहूनची डागडुजी वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने मानली नाही. मार्च १९६९ मध्ये शिक्षा रद्द झाली: परवान्याचे निकष नेमके, वस्तुनिष्ठ आणि ठाम नसतील, तर परवाना न घेताही बोलता येतं. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, पॉटर स्टुअर्ट.

दोहोंच्या मधे, नोव्हेंबर १९६८ मध्ये, त्याच कोर्टाने आणखी एक गोष्ट ठरवली: समोरच्या पक्षाला कळवणं शक्य असताना सभेवर एकतर्फी मनाई घालायची नाही. तो खटला जिंकला मेरीलँडमध्ये सभा घेणाऱ्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या पक्षाने. किंग यांच्या हत्येला तेव्हा सात महिने उलटले होते.