कॅरमच्या सोंगट्या आणि मेंडेलचे वाटाणे

नमस्कार मंडळी! आज स्ट्रायकर राहू दे बाजूला. आई-बाबांचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात, ते सोंगट्यांनी खेळून बघू. चार सोंगट्या घ्या, दोन काळ्या, दोन पांढऱ्या. आणि दोन कापडी पिशव्या. माझ्या भाजीच्या आहेत, एकीला अजून कोथिंबिरीचा वास येतोय.

एक पिशवी परागकणांची, दुसरी बीजांडांची. दोन्हींत एक काळी, एक पांढरी. न बघता एकेक काढायची, की झाला वाटाण्याचा एक दाणा. काळी म्हणजे गोल, आणि ती प्रभावी. एक जरी काळी आली तरी दाणा गोल. दोन्ही पांढऱ्या आल्या तरच सुरकुतलेला. नोंद केली की सोंगटी परत त्याच पिशवीत! हे पोरं हमखास विसरतात.

आमच्या परळच्या शिकवणीत एका मुलीला चार डावांत चारही गोल आले. म्हणाली, "सर, माझी पिशवी बिघडलीय. पुस्तकात तर तीन गोलांस एक सुरकुतलेला आहे." पिशवी ठणठणीत होती. चारांत नेमका एकच सुरकुतलेला येण्याची शक्यता जेमतेम 42 टक्के, आणि चारही गोल येण्याची जवळपास 32. फळ्यावर आम्ही चार चौकटी काढतो, तीन गोल, एक सुरकुतलेला. त्यामुळेच चारांत एक ठरलेलाच, असा घोळ होतो, असं माझं मत.

वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या खुद्द मेंडेलच्या 1866च्या निबंधात बघा. एका झाडावर 43 गोल, फक्त 2 सुरकुतलेले. दुसऱ्यावर 14 गोल, 15 सुरकुतलेले! सगळी झाडं मिळून 5474 आणि 1850, तेव्हा कुठे 2.96 ला एक. म्हणून वर्गातल्या सगळ्यांचे डाव एकत्र मोजा.

आता आपल्या मुंबईचा डाव. आणखी दोन पिशव्या, आणखी चार सोंगट्या, वाटणी तशीच. हे एच जनुक, म्हणजे आई-बाबांकडून एकेक येणारी गुणाची सूचना. काळी चालू, पांढरी बंद. रक्तगटाच्या ए आणि बी या तांबड्या रक्तपेशीवरच्या खुणा, आणि दोन्ही एच नावाच्या खुणेवरच रचल्या जातात. दोन पांढऱ्या आल्या, की आई-बाबांकडून ए येवो नाहीतर बी, पेशीवर काहीच दिसत नाही. नेहमीच्या तपासणीत ओ वाटतो, पण अशा माणसाला ओ रक्त चालत नाही, कारण ओमध्ये एचची खूण असते आणि त्याच्या शरीराला ती परकी वाटते. हाच बॉम्बे रक्तगट. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952मध्ये तो इथलाच म्हणून जगापुढे मांडला.

खेळून झालं की नऊ-नऊ मोजून डब्यात ठेवा. रविवारी बाबांना एक सोंगटी कमी भरली, तर मेंडेलचं नाव सांगून सुटका नाही.