साथ चढवण्याआधीचा बडी हॉली

मंडळी, आत्ता आपण अमेरिकी रॉक अँड रोल गायक बडी हॉली याचं ‘क्राइंग, वेटिंग, होपिंग’ दोनदा ऐकलं. पहिल्या वेळी ड्रम होते, मध्ये इलेक्ट्रिक गिटारचा एक सुरेख तुकडा होता आणि हॉलीच्या तोंडून शब्द सुटला की तो लगेच झेलणारा कोरस होता. दुसऱ्या वेळी फक्त तो आणि त्याची गिटार. आवाज मात्र दोन्हीकडे तोच, एकाच टेपवरचा. दुसऱ्या वेळी ती मधली जागा आली, तेव्हा त्यानं काय केलं हे लक्षात आलं का? काहीच नाही. नुसते कॉर्ड वाजवत राहिला. तिथे पुढे काय भरायचं, हे त्याचं ठरायचं होतं.

ही टेप न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या त्याच्या राहत्या घरची, डिसेंबर १९५८ मधली. टेक्सासमधल्या लबकचा हा बावीस वर्षांचा मुलगा तेव्हा जुन्या साथीदारांपासून आणि निर्माता नॉर्मन पेटी याच्यापासून वेगळा झाला होता. नुकतंच लग्न झालेलं, बायको मारिया एलेनाबरोबर नवं बिऱ्हाड थाटलेलं. घरात ॲम्पेक्सचा टेपरेकॉर्डर होता. जानेवारीपर्यंत त्यानं आपली सहा नवी गाणी त्यावर घेतली, शिवाय इतरांची काही आवडती गाणीही. मग तो दौऱ्यावर गेला आणि ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवात क्लिअर लेकजवळ विमान कोसळून गेला.

त्याच्या रेकॉर्ड कंपनीला नव्या रेकॉर्ड हव्या होत्या. त्याच वर्षी निर्माते जॅक हॅन्सन यांनी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत वादक आणि कोरस बोलावून या टेपांवर साथ चढवायला सुरुवात केली. पुढे टेपा पेटीच्या हाती गेल्या. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसच्या आपल्या स्टुडिओत त्यानं ‘फायरबॉल्स’ या बँडकडून त्याच गाण्यांवर नव्यानं साथ करून घेतली. अशी ‘नवी’ गाणी १९६९ च्या ‘जायंट’ या अल्बमपर्यंत येत राहिली. गायक जाऊन दहा वर्षं झाली होती!

यातलं तंत्र समजून घ्या, कारण आपलं नशीब त्यातच दडलंय. मूळ टेप वाजवायची, तिच्याबरोबर वादकांनी वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर उतरवायचं. म्हणजे मूळ टेपेला धक्का लागत नाही. मात्र नव्या प्रतीत खरखर वाढते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लय. घरी एकटा गाणारा माणूस शब्दाच्या ओघात किंचित थांबतो, किंचित पुढे सरकतो. त्यावर ड्रम बसवले की ते थांबणं चूक वाटायला लागतं. मूळ टेपेवर ऐका, तिथे तोच गाण्याचा श्वास आहे.

मूळ टेपा शाबूत होत्या, तरी सर्वसामान्य श्रोत्याला त्या मिळायला वीस वर्षं लागली. १९७९ मध्ये इंग्लंडात ‘द कम्प्लीट बडी हॉली’ हा सहा रेकॉर्डचा संच निघाला, त्यात घरच्या टेपा साथीविना आल्या. १९८३ च्या ‘फॉर द फर्स्ट टाइम एनीव्हेअर’मध्ये त्याची सुरुवातीची गाणीही वरची पुटं काढून ऐकायला मिळाली. चाहत्यांनी आणि संग्राहकांनी हा ध्यास सोडला नाही, म्हणून हे घडलं. त्यांचं ऋण मी मानतो.

आता, हॅन्सन यांचं काम टाकाऊ होतं असं मी म्हणणार नाही. १ जानेवारी १९६२ रोजी बीटल्सनी डेका या रेकॉर्ड कंपनीच्या चाचणीत ‘क्राइंग, वेटिंग, होपिंग’ हेच गाणं गायलं. जॉर्ज हॅरिसननं त्यात वाजवलेला गिटारचा तुकडा हॅन्सनच्या रेकॉर्डवरचा आहे. हॉलीनं तो कधी ऐकलाही नव्हता. पण एक पिढी त्याला हॉलीचंच संगीत समजून शिकली.

आणि साथ म्हणजे भेसळ, असंही नाही. ‘ओ बॉय!’मधला कोरस मागाहून चढवलेलाच आहे, पण तो हॉलीच्या हयातीत. ऑक्टोबर १९५८ मध्ये ‘ट्रू लव्ह वेज’ तर तो व्हायोलिनच्या ताफ्यासमोर उभा राहून गायला. ती व्हायोलिनं त्याला हवी होती. माझा आक्षेप आहे तो एवढ्यावरच, की घरच्या टेपांवर काय चढवायचं हे ठरवताना तो नव्हता. घरच्या टेपेवरच्या ‘लर्निंग द गेम’ला त्यानं व्हायोलिनची साथ दिली असती की ते गाणं असंच ठेवलं असतं? साथीची आवृत्ती या प्रश्नाचं उत्तर परस्पर देऊन टाकते.

तेव्हा ऐकायला बसाल तेव्हा अल्बमच्या पाठीमागचा मजकूर वाचा. एकाच गाण्याच्या तीन-तीन आवृत्त्या एकाच नावानं फिरतात: हॅन्सनची, पेटीची आणि मूळ. ‘अनडब्ड’, म्हणजे साथ न चढवलेली, असं लिहिलेली शोधा. ती आधी ऐका, बाकीच्या नंतर.