जायची वाट आहे, परतीचं काय?

(दृश्य: विमानाच्या केबिनचा जुना फोटो. आसनांवर पट्ट्यांनी बांधलेली अवजड यंत्रं.)

काळात पुढे किंवा मागे प्रवास करता येतो का? सुरुवात करू ऑक्टोबर 1971 पासून. प्रवाशांच्या आसनांवर आवळून बसवलेली ही धुडं म्हणजे सीझियमची अणुघड्याळं. तिकीट रीतसर काढलेलं, प्रवाशाचं नाव 'मिस्टर क्लॉक'. सोबत दोन माणसं: भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हाफेले आणि अमेरिकी नौदल वेधशाळेतले रिचर्ड कीटिंग. चार घड्याळं घेऊन त्यांनी पृथ्वीला एकदा पूर्वेच्या दिशेने आणि एकदा पश्चिमेच्या दिशेने फेरी मारली. परतल्यावर ती वेधशाळेच्या घड्याळांशी ताडून पाहिली.

पूर्वेच्या फेरीत घड्याळं सरासरी 59 नॅनोसेकंद मागे पडली. पश्चिमेच्या फेरीत 273 नॅनोसेकंद पुढे गेली.

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. पण घड्याळं बिघडली नव्हती. पूर्वेकडे उडताना विमानाचा वेग पृथ्वीच्या फिरण्यात मिळवला जातो आणि वेग वाढला की काळ मंदावतो. पश्चिमेकडे नेमकं उलटं होतं. शिवाय उंचीवर गुरुत्वाकर्षण थोडं कमी, म्हणून तिथे काळ किंचित घाईत असतो. या साऱ्याची बेरीज-वजाबाकी आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताने जी सांगितली होती, तिच्याशी मोजमाप जुळलं.

(दृश्य: कक्षेतलं अवकाशस्थानक.)

म्हणजे भविष्यात जाता येतं का, याचं उत्तर 'हो' असंच आहे. लोक गेलेही आहेत. रशियाचे सर्गेई क्रिकाल्योव यांनी सहा मोहिमांत मिळून 803 दिवस अवकाशात काढले. गणित मांडलं, तर त्यांचा काळ आपल्यापेक्षा सुमारे 0.02 सेकंदाने कमी सरला. तेवढे ते आपल्या भविष्यात उतरले.

पल्ला वाढवायचा असेल तर? अभिजित तारा 25 प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाशाच्या 99.5 टक्के वेगाने तिथे जाऊन लगेच माघारी फिरलात, तर पृथ्वीवर 50 वर्षं उलटलेली असतील आणि तुमचं वय मात्र जेमतेम 5 वर्षांनी वाढलेलं असेल. बरोबरीचे मित्र भेटतील ते नातवंडांसह. सिद्धांताची याला काहीच हरकत नाही. अडतं ते ऊर्जेपाशी. एक किलो वस्तू या वेगाला न्यायला सुमारे 190 मेगाटन ऊर्जा लागते. आजवरचा सर्वांत मोठा अणुबॉम्ब, 1961 चा सोव्हिएत बॉम्ब, 50 मेगाटनांचा होता. म्हणजे किलोमागे तसे जवळजवळ चार बॉम्ब. यानाचं वजन काय धरायचं, ते तुम्हीच ठरवा.

(दृश्य: फळ्यावर स्वतःकडेच वळून येणारी एक रेघ.)

खरा गुंता भूतकाळाचा. चित्रपटात कळ दाबली की माणूस गायब होतो. सापेक्षतेत असं गायब होणं नाहीच. तिथे प्रवासी क्षणोक्षणी पुढेच जात असतो, पण अवकाश-काळ इतका वाकलेला असतो, की तीच वाट त्याला निघाल्या क्षणापाशी आणून सोडते. 1949 साली, आइन्स्टाइनच्या सत्तरीच्या निमित्ताने, तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी अशा वाटा असलेलं एक विश्व समीकरणांतून काढून दाखवलं. वाढदिवसाची भेट म्हणून जरा खोडसाळच! अट एवढीच, की ते अख्खं विश्व फिरतं हवं. आपलं तसं फिरताना दिसत नाही.

1988 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग सुचवला. अवकाशातल्या दोन जागा जोडणारा बोगदा, म्हणजे 'वर्महोल' (इथे त्याला विवर म्हणू; हे कृष्णविवर नव्हे), कल्पायचा. त्याचं एक तोंड जागीच ठेवायचं, दुसरं प्रचंड वेगाने फिरवून आणायचं. दोन्हींच्या काळात फरक पडतो आणि विवरातून मागे जाता येतं. मात्र यंत्र तयार झालं त्याच्या आधीच्या काळात कधीच नाही. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक पाहायला जायचा बेत इथेच बारगळतो.

आणि विवर उघडं राहील कशाने? कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांचं 1955 चं समीकरण सांगतं, की साधं पदार्थद्रव्य प्रकाशकिरणांना एकत्र ओढतं. विवरातून बाहेर पडणारे किरण तर फाकायला हवेत. त्यासाठी ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते. पुंजभौतिकीत (क्वांटम फिजिक्समध्ये) ती सापडते, दोन धातूपट्ट्यांच्या फटीत, नगण्य प्रमाणात. विवराला ती पुरेल, असं मानायला आज आधार नाही.

1992 साली स्टीफन हॉकिंग यांनी अटकळ मांडली: निसर्गच अशी यंत्रं होऊ देत नसावा. यंत्र जुळून येण्याच्या क्षणी निर्वातातली स्पंदनं त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा फिरतात आणि वाढत जातात, माइक स्पीकरसमोर धरल्यावर शिट्टी वाढते तशी, आणि यंत्र मोडून पडतं. विश्व इतिहासकारांसाठी सुरक्षित राहावं याची ही सोय, असंही त्यांनी गमतीने लिहिलं.

पण सिद्धता? 1997 मध्ये के, राडझिकोव्स्की आणि वाल्ड या तीन संशोधकांनी दाखवलं, की काळाची वाट जिथे स्वतःवर मिटू लागते, त्या सीमेवर आपलं आजचं गणितच चालेनासं होतं. तिथे यंत्र मोडतं, की फक्त आपली समीकरणं मोडतात, हे सांगायला गुरुत्वाकर्षणाचा पुंज सिद्धांत लागेल. त्यावर काम चालू आहे. तोवर हॉकिंग यांची अटकळ ही अटकळच.