आधी जुनं पेट्रोल काढा

(बरणी, जवळून)

काचेच्या बरणीत हे चहाच्या रंगाचं जे दिसतंय, ते पेट्रोल आहे. वरळी कोळीवाड्यात एका घराच्या पडवीत, गोणपाटाखाली बरीच वर्षं पडून असलेल्या आउटबोर्ड इंजिनाच्या, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाच्या, टाकीतून ते आत्ताच काढलंय. नीट पाहिलंत तर दोन थर दिसतील. वर तेलकट पेट्रोल, खाली गढूळ पाणी.

इंजिन ८ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. नाखवा समुद्रावर जायचे थांबले, तेव्हापासून तेही थांबलं. आता त्यांच्या मुलाला होडी पुन्हा पाण्यात घालायची आहे. भंगारवाला भाव सांगून गेला होता. मिस्त्री आले आणि त्यांनी पहिलंच सांगितलं, "आधी पेट्रोल काढ. तोवर इंजिन सुरू करायची रस्सी ओढायची नाही."

हे सांगणं का महत्त्वाचं, ते या बरणीतच दिसतं. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आता २० टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा राहिला की ती आत शिरत राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे वाढलं की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याला धरून तळाशी बसतं. टू-स्ट्रोकचं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं.

टाकीची नळी इंधन ओढते ती तळातून. फोर-स्ट्रोक इंजिनाला ऑइल वेगळं असतं. इथे तसं नाही. क्रँकची बेअरिंगं, पिस्टन, रिंगा, सगळ्यांना मिळणारं वंगण पेट्रोलमधूनच येतं. तळातलं हे पाणी आत गेलं असतं तर एकतर इंजिन सुरूच झालं नसतं, किंवा सुरू होऊन पिस्टन पकडला असता, म्हणजे जाम झाला असता. कितीतरी चांगली इंजिनं अशीच भंगारात गेली आहेत, आणि दोष मात्र वयाला दिला गेला.

(प्लग काढताना हात)

दोन्ही स्पार्क प्लग निघाले. प्लगच्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच मुरू दिलं. सकाळी फ्लायव्हील हाताने, सावकाश फिरवलं. फिरलं. आत काही जाम नाही.

आता कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. खालची वाटी उघडली की हा पिवळा, चिकट थर दिसतो. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे हा डिंक उरतो. पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा जेट पितळेचा आहे. मिस्त्री तो उजेडाकडे धरतात, तर भोक दिसतच नाही. क्लीनरचा फवारा, थोडा वेळ भिजवणं, मग वायरीतली तांब्याची एक बारीक तार. पोलादी तार किंवा सुई चालत नाही. तिने भोक मोठं होतं आणि पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. हळू चालीचा स्लो जेट बंद असेल तर इंजिन चोकवर सुरू होतं आणि चोक काढला की बंद पडतं. मेन जेट अर्धवट तुंबला असेल तर भर वेगात पेट्रोल कमी पडतं, म्हणजे ऑइलही कमी पडतं. म्हणून पुन्हा फवारा, पुन्हा उजेड. आता भोक गोल दिसतंय.

रबराची नळी कडक झाली होती, पेट्रोल पुढे ढकलायला दाबायच्या फुग्याला चिरा गेल्या होत्या. दोन्ही नवीन. पाण्याच्या पंपातला रबरी पंखाही नवा. जुन्याची पाती एकाच बाजूला वाकून तशीच राहिली होती. गिअरचं ऑइल काळं निघालं, दुधाळ नाही. म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही, सील धड आहे.

(मापाचं भांडं, ऑइलची धार)

मुलगा विचारतो, "काका, स्कूटरचं टूटी ऑइल चालेल ना?" नाही चालणार. स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, हे समुद्राच्या पाण्यावर. याला टीसी-डब्ल्यू३ प्रतीचंच, म्हणजे पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, ऑइल लागतं, ते जळून राख सोडत नाही. या इंजिनाचं प्रमाण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. आजच भरून आणलेलं ५ लिटर पेट्रोल, त्यात १०० मिलिलिटर ऑइल. अंदाजपंचे ओतलेलं इथे चालत नाही. ऑइल कमी पडलं तर इंजिन पकडतं, जास्त झालं तर प्लग काळे पडतात. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी अडवणारा फिल्टरही बसवला. माझं विचाराल तर प्रत्येक होडीवर तो हवाच.

(निळं पिंप)

पिंपात गोडं पाणी, होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकं. फुगा कडक होईपर्यंत दाबला. चोक. रस्सी.

(इंजिनाचा आवाज. इथे निवेदन नाही.)

निळा धूर येतो तो सिलिंडरमध्ये मुरवलेल्या ऑइलचा, थोड्या वेळात कमी होतो. पाहायची ती मागच्या बारीक भोकातून येणारी पाण्याची धार. ती दिसली म्हणजे पंप पाणी ओढतोय. दिसली नाही तर इंजिन लगेच बंद करायचं.

टू-स्ट्रोक थोडं इंधन न जळताच पाण्यात सोडतं, ही तक्रार खरी आहे. प्रमाण आणि जेट नीट असले तर ते कमी होतं.

(किनारा, मागे सी लिंक)

ससून डॉकच्या मोठ्या बोटी डिझेलवर चालतात. किनाऱ्यालगत जाळं टाकणाऱ्या लहान होड्यांचं पोट अशा इंजिनांवर आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि इंजिनं बिघडतात ती त्याच दोन महिन्यांत, नुसती उभी राहून.

म्हणून मिस्त्रींनी मुलाला मेअखेरचं काम आत्ताच करून दाखवलं. गोड्या पाण्यात इंजिन चालवून आतलं मीठ धुवायचं. चालू असतानाच पेट्रोलची नळी काढायची आणि इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं. वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढायचे. प्लगच्या भोकांत ऑइल सोडून, रस्सी हळू ओढून प्लग परत लावायचे. टाकी रिकामी, हवेचा स्क्रू घट्ट, इंजिन उभं. काढलेलं जुनं पेट्रोल गटारात किंवा खाडीत ओतायचं नाही. ऑगस्टमध्ये पेट्रोल नवीन आणायचं, महिन्याभरात संपेल तेवढंच.