टॉवेलच्या कारखान्यातला फॉक्सप्रो

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी, सकाळचे नऊ वाजलेत, आत मागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बाजूच्या ऑफिसात हिशेबाचे काका बसलेत, समोर जुना कॉम्प्युटर, काळा स्क्रीन, माऊसला हात नाही. विणकरांचा पगार, सुताची उधारी, टॉवेलचे डझन, सगळं फॉक्सप्रोत, म्हणजे नोंदी ठेवायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. "काका, बदलायचं नाही का हे?" विचारलं तर म्हणाले, "कशाला ओ, चालतंय की."

हे सॉफ्टवेअर आलं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून, पेरिसबर्ग म्हणून छोटं गाव आहे, तिथल्या फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीचं. डेव्ह फुल्टन हे कॉम्प्युटरचे प्रोफेसर, त्यांनी ती काढली. तेव्हा मार्केट होतं डीबेसचं, ॲश्टन-टेट कंपनीचं तसलंच नोंदींचं सॉफ्टवेअर. फॉक्सवाल्यांनी फाईली डीबेसच्याच ठेवल्या, कमांडही त्याच, फक्त स्पीड कितीतरी जास्त. जुना डेटा फेकायची वेळच आली नाही कुणावर, म्हणून तर लोक इकडं वळले, मला तरी खरं कारण हेच वाटतं.

1988 मध्ये ॲश्टन-टेटने फॉक्सवर कॉपीराइटची केस टाकली. पण 1991 मध्ये बोरलँड ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीने ॲश्टन-टेटच विकत घेतली आणि ती केस मिटली. त्याच वर्षी फॉक्सप्रो 2.0 आला, त्यात रशमोर नावाचं तंत्र, म्हणजे हवी ती नोंद शोधायला अख्खी फाईल चाळायची नाही, इंडेक्सवरनंच, म्हणजे नोंदींच्या सूचीवरनंच, नेमकी गाठायची, साध्या मशीनवर लाखभर नोंदी झटक्यात.

काकांनी धंदा बंद पडलेल्या एका पार्टीची नोंद डिलीट करून दाखवली. नोंद गेलीच नाही, तिच्यावर नुसती खूण पडली, रिकॉल दिलं की परत जागेवर. पॅक दिल्यावरच ती कायमची जाते, त्यामुळं पॅकच्या आधी काका फाईलची कॉपी काढतात म्हणजे काढतातच.

1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर घेतली, 173 मिलियन डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात. 1995 ला व्हिज्युअल फॉक्सप्रो आला, नववी आवृत्ती शेवटची ठरली, 2007 मध्ये सांगून टाकलं की पुढची काढणार नाही. एवढं चांगलं चाललेलं विकत घ्यायचं आणि मग थांबवायचं, हे मला अजून पटत नाही, ज्यांनी आयुष्यभर ह्याच्यावर प्रोग्राम लिहिले त्यांनी कुठं जायचं? जानेवारी 2015 ला सपोर्टही संपला.

इथं आज पगाराचा दिवस आहे. दुपारी शिफ्ट सुटायच्या आत चिठ्ठ्या निघायला हव्यात, काकांनी प्रिंटरला कागद लावलाय.