चित्रात जागा कोणाला?

नमस्कार श्रोतेहो.

आधुनिक चित्र पाहिलं की "हे तर आमचं पोरगंही काढेल" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझी विनंती आहे, रेषा वाकडी का, हे नंतर पाहू. हे काढलं कोणी आणि यात जागा कोणाला मिळाली, ते आधी विचारा.

१८४८ साली युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला. पुढच्याच वर्षी कूर्बे या फ्रेंच चित्रकारानं खडी फोडणारे दोन मजूर रंगवले, तेही अडीच मीटर रुंद कॅनव्हासवर. एवढा मोठा कॅनव्हास तोवर राजेमहाराजांचा, देवादिकांचा. तिथं फाटक्या कपड्यांतली माणसं आली म्हणून लोक बिथरले!

आता आपल्याकडे या. २ मार्च १९३० रोजी आपल्या काळाराम मंदिराच्या दाराशी बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला. दहाच दिवसांनी गांधीजी दांडीला निघाले. त्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांत कृष्णाजी हौळाजी आरा होते. सिकंदराबादजवळच्या बोलारमचे. लहानपणीच पळून मुंबईला आले, लोकांच्या घरी राबले, मोटारी धुतल्या. आणि १९४२ मध्ये याच आरांच्या चित्रांचं स्वतंत्र प्रदर्शन मुंबईत भरलं. त्यांना हात देणाऱ्यांत चित्रकार लँगहॅमर होते, कलासमीक्षक लायडेन होते. हिटलरच्या छायेतला युरोप सोडून मुंबईत आलेली माणसं. तिकडचा अत्याचार आणि इकडची चळवळ यांची गाठ अशी एका घरगड्याच्या कुंचल्याशी पडली. मला हे फार मोलाचं वाटतं.

१९४७ मध्ये आरा, सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यांतले हुसेन पंढरपूरला जन्मलेले, सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेले. बाहेर फाळणीची कापाकापी चालली होती आणि इथं हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तरुण एकमेकांच्या चित्रांवर वाद घालत होते.

पण बदल शहरातच झाला असं नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडेही वारली आदिवासींची वस्ती आहे. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायचा मान सवाशिणींचा. सत्तरच्या दशकात ही चित्रं कागदावर उतरू लागली. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हशे, पुरुष असून, लग्नाचा मुहूर्त नसतानाही रोज चित्रं काढू लागले. त्यात शेत आलं, मासेमारी आली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याचा आनंद आहेच. मात्र पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिणाऱ्या बायकांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? पेठ-सुरगाण्यात कुणाच्या लग्नाला गेलात, तर चौक कोणी लिहिला ते विचारा आणि तिचं नाव लिहून ठेवा.

नमस्कार.